महाराजांची आठी

दिग्दर्शकाने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, की चित्रीकरण संपेपर्यंत कुणी कुणाला खऱ्या नावाने हाक मारायची नाही. राजाचं काम करणारा तो महाराज, सेनापतीचं काम करणारा तो सेनापती, आणि तेही नुसतं सेटवर नव्हे, घरीसुद्धा. मोठ्या माणसांना असले चोचले परवडतात. चहावाला कोठावळा झाला, दिवे लावणारे मशालजी झाले, आणि आठवडाभर सगळ्यांनी पोट धरधरून हसून घेतलं.

रंगभूषा करणाऱ्या बाईच्या वाट्याला प्रधानाची पदवी आली. त्याचं असं झालं, की प्रधानाचं काम करणारा नट सुरुवातीलाच दुसऱ्या सिनेमाकडे पळाला. दिग्दर्शकाने चिडून ते पात्रच संहितेतून उडवून टाकलं आणि पदवी तेवढी मोकळी राहिली. महाराजांच्या शेजारी सदानकदा कोण असतं? हातात स्पंज घेतलेली ही बाई. मग तीच प्रधानजी. त्यात महाराज म्हणजे तिचा सख्खा नवरा, त्यामुळे थट्टेला ऊत आला.

नवरा कसला, गरीब गाय. उभा जन्म त्याने ऐतिहासिक सिनेमांत भाला धरून उभं राहण्यात आणि पहिल्या हल्ल्यात मरण्यात घालवला होता. मरायचा मात्र झकास. घरी दुधात पाणी आलं तरी "असू दे गं, त्यालाही पोट आहे," म्हणायचा. बायकोचा त्याच्यावर जीव होता आणि त्याच्या या मऊपणापायी तिचं रक्त आटायचं, दोन्ही एकाच वेळी. ठरलेला बडा नट घोड्यावरून पडून पाय मोडून बसला, याची उंची आणि आवाज जुळला, आणि मुकुट अचानक याच्या डोक्यावर आला.

संहितेच्या वाचनाला तीही बसली होती. दिग्दर्शक एकदा बोलायला लागला की थांबायचं नाव नसे.

"आपल्याकडे राजा म्हटला की सोन्याचा आणि दुष्ट म्हटला की कोळशाचा," तो म्हणाला. "मला ते नको. प्रत्येकाच्या मागे त्याचीच सावली उभी असते. शूराची सावली म्हणजे रक्ताला चटावलेला माणूस. त्याग करणारीची सावली म्हणजे त्या त्यागाची जन्मभर वसुली करणारी बाई. आपला राजा पालनहार आहे. वेढा पडतो, तो दरवाजे लावून घेतो, माणसं वाचतात. मग शत्रू निघून जातो. तरी हा दरवाजे उघडत नाही, कारण आता त्याला पोटचा पोरगासुद्धा शत्रू वाटतो."

"आणि प्रधानाची सावली कशी असते?" सेनापतीने तिच्याकडे बघून डोळा मारला.

दिग्दर्शक हसला नाही. "तिची मला भीती वाटते. तिला स्वतःसाठी काहीच नको असतं. म्हणून तर त्या कामाला दुसरा नट शोधला नाही." मग चहा आला आणि सगळे कपांकडे वळले.

महाराजांच्या चेहऱ्यात खरी करामत होती ती दोन भुवयांमधल्या उभ्या आठीची. रोज सकाळी ती तिथे चिकट द्रावण लावायची, कातडी चिमटीत धरून वाळू द्यायची आणि खाचेत तपकिरी रंग भरायची. एवढ्याने तो मवाळ चेहरा असा पालटायचा, की कोठावळा कप ठेवून मागच्या पावली जायचा. संध्याकाळी तेलात भिजवलेल्या कापसाने ती सगळं पुसून काढायची, आणि खालून तिचा नवरा निघायचा, ओशाळल्यासारखा हसत.

एकदा घाई झाली. गाडी सुटत होती, म्हणून तिने दाढी काढली, रंग पुसला आणि आठी तशीच राहिली. घरी आले तर शेजाऱ्याची स्कूटर नेहमीसारखी जिन्यात आडवी. एरवी नवरा अंग चोरून पलीकडे गेला असता. त्या दिवशी थांबला. "हलवा," एवढंच म्हणाला. शेजारी बनियनवर धावत आला, स्कूटर काढली आणि वर माफीही मागितली. ती इतकी खूश झाली, की स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

मग तिला चटक लागली. नणंद येणार असेल, घरमालकाशी बोलायचं असेल, की चेहरा पुसताना ती नेमकी तेवढी जागा टाळायची. नवऱ्याला कळत होतं की नाही, कोण जाणे. नणंदेने टोमणा मारला तेव्हा त्याने नुसतं वर पाहिलं आणि नणंदेच्या हातातला घास हातातच राहिला. इतकी वर्षं जे आपल्याला मिळालं नाही ते आता मिळतंय, असं बाईला वाटलं. यात कुणाचं काय वाईट होतंय?

एका सकाळी तो खुर्चीत येऊन डोळे मिटून बसला. तिने द्रावणाची बाटली उघडली, त्याच्याकडे वळली आणि हात थबकला. आठी होती. आदल्या संध्याकाळी तिने स्वतः ती घासून काढली होती. तिने तेल लावलं, स्पिरिट लावलं, गरम पाण्याचा फडका फिरवला. कातडी लाल झाली, पण खाच तशीच राहिली.

"राहू द्या, प्रधानजी," तो डोळे न उघडता म्हणाला.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. थट्टा ऐकायला कुणीतरी लागतं ना? तिने कापूस टोपलीत टाकला आणि मुकाट्याने दाढी चिकटवायला घेतली.

त्यांची एकुलती एक मुलगी, चिऊ, त्याच महिन्यात परगावी नोकरीला निघणार होती. एका प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. बाप तर महिनाभर आधीच तिच्यासाठी चाकांची बॅग घेऊन आला होता आणि रिकामीच घरभर ओढत फिरला होता. तोच बाप आता संध्याकाळी दाराला नवं कुलूप बसवून घेत होता, आतूनही किल्लीनेच उघडणारं. बाकीच्या किल्ल्यांचं काय केलं ते त्याने सांगितलं नाही. एक तेवढी कमरेला लावली.

"बाहेर दिवस चांगले नाहीत," तो जेवताना म्हणाला. "कुणी कुठे जाणार नाही."

"बाबा, पुरे झाला तुमचा दरबार," चिऊ हसली. त्याच्याकडे नीट पाहिल्यावर हसायची थांबली. "आई, हे गमतीत बोलतायत ना?"

त्याने बायकोकडे मान वळवली. "प्रधानजींचं काय मत?"

बोल, पोरीसाठी बोल, असं तिचं मन आक्रंदत होतं. आणि तोंडाने ती म्हणाली, "आधी जेवून घ्या. अन्न गार होतंय." चिऊने ताट सरकवलं आणि उठून गेली.

दरवाजाचा प्रसंग चित्रित झाला तेव्हा ती मॉनिटरपाशी उभी होती. बाहेरून राजपुत्र लाकडी दारावर मुठी आपटत होता, आत महाराज दाराला पाठ लावून उभे होते. दिग्दर्शक "कट" म्हणाला. महाराज हलले नाहीत. पुन्हा म्हणाला. शेवटी सुतारांना बोलावून दार बिजागरीतून उचलावं लागलं. राजपुत्र झालेल्या तरुणाचे ओठ पांढरे पडले होते, आणि दिग्दर्शक खूश होऊन टाळ्या वाजवत होता.

चिऊच्या जाण्याचा दिवस आणि चित्रीकरणाचा शेवटचा दिवस एकच आला. त्या दिवशी लांबून घ्यायची दृश्यं होती, रंगभूषेची गरज नव्हती. निघताना त्याने कमरेची किल्ली काढून बायकोच्या हातात ठेवली आणि बाहेर पडून तिच्याकडून आतून कुलूप लावून घेतलं. "आम्ही परत येईपर्यंत दार तुमच्या हाती," तो दाराबाहेरून म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

बाईने सुटकेचा श्वास टाकला. आता काय, प्रश्नच मिटला. तिने चिऊची बॅग भरायला मदत केली, वाटेत खायला बांधून दिलं, केसांवरून हात फिरवला. चिऊ चपला घालून दाराशी उभी राहिली.

"आई, दे किल्ली. गाडी चुकेल."

"हो गं, देते." तिने हात कमरेकडे नेला. "पण ऊन बघ किती आहे. थोडं उतरू दे."

"आई, गाडी."

"मग उद्या जा. उद्याही गाडी असते. आणि तिथे तुझं कोण आहे गं? आजारी पडलीस तर? मी तुझ्या भल्याचंच सांगते ना?" आवाज तिचाच होता, रोजचा, मायेचा. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. "ते येऊ देत. ते म्हणाले की लगेच जा."

चिऊ तिच्याकडे बघत राहिली. बापाकडेसुद्धा तिने कधी असं पाहिलं नव्हतं. मग ती एकेक पाऊल मागे सरकत खोलीत गेली, आणि आतून कडी लावल्याचा आणि फोनवर रडत बोलल्याचा आवाज आला. बाईला जरा बरं वाटलं. पोर आत होती, सुरक्षित होती.

दुपार कलली तेव्हा जिन्यावर धावती पावलं वाजली आणि दारावर थाप पडली.

"अगं, दार उघड! चिऊचा फोन आला होता. काम संपलं, आठीसुद्धा आपोआप गेली बघ. मला काय झालं होतं तेच कळत नाही. अगं, तिची गाडी गेली का? संध्याकाळची मिळेल. उघड ना!"

आतून चिऊ धावत आली. "बाबा! बाबा आलेत, आई, उघड!"

बाईने दाराच्या भिंगातून पाहिलं. बाहेर एक माणूस उभा होता, घामाघूम, गुळगुळीत कपाळाचा, ओशाळल्यासारखा हसणारा. चांगला वाटत होता बिचारा. कुठेतरी पाहिल्यासारखाही वाटत होता. पण महाराज नव्हते.

तिने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि दाराला पाठ लावली.

"महाराज बाहेर गेलेत," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "ते आले की या."