टाचलेली पानं

'लोकसहभाग' हा शब्द ऐकला की हल्ली मला शिसारी येते. आमच्या संग्रहालयात तो दिवसातून वीसदा ऐकू येतो. संग्रहालय म्हणजे जुन्या पोस्टाची इमारत, चार खोल्या, गळकं छप्पर आणि माणसं आम्ही दोघं: नोंदवही सांभाळणारी मी आणि आमचे संचालक. संचालकांना प्रत्येक वाक्याच्या शेवटी टाळी वाजवायची खोड आहे, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना टाळ्यासाहेब म्हणते.

ते येण्याआधी आमच्याकडे माणसं कमी यायची, हे खरं. पण जी यायची ती पाहायला यायची. आता खेळायला येतात. एका शनिवारी 'एक तास कैदी' झाला. गावच्या जुन्या कोठडीचं दार आम्ही जपून ठेवलंय, त्याच्यामागे उभं राहून लोकांनी जिभा बाहेर काढत फोटो काढून घेतले. त्या कोठडीत माणसं मेली होती. पुढच्या शनिवारी 'पणजीचं स्वयंपाकघर' झालं आणि शंभर वर्षांच्या परातीला कुणीतरी चघळलेलं च्युइंगगम चिकटवून गेलं. ते मी नखाने खरवडून काढलं. सर म्हणाले, "मॅडम, वस्तू जिवंत झाली!" आणि टाळी.

त्याच दिवसांत शिवणकाम करणाऱ्या एक बाई पिशवीतून एक वही घेऊन आल्या. त्यांची आई गावची सुईण होती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली आणि तिने प्रत्येकाची वहीत नोंद केली होती: तारीख, घर, मुलगा की मुलगी, वजन, बाळंतीण कशी आहे. काही पानं मात्र तिने एकमेकांना टाचून बंद करून टाकली होती.

"ताई, आई जाताना एकच सांगून गेली," बाई म्हणाल्या. "टाचलेली पानं ती माणसं आहेत तोवर उघडायची नाहीत. मीसुद्धा उघडली नाहीत. पण उद्या माझं काही झालं, तर सून रद्दीत घालेल. तुम्ही सांभाळाल ना?"

"सांभाळीन," मी म्हणाले.

कशी सांभाळली ते ऐका. आमच्या कामात जुना कागद आला की पहिल्याच दिवशी त्यातलं लोखंड काढायचं, असा नियम आहे. टाचणी गंजते आणि गंज कागद खातो. बावीस वर्षं मी हेच करते आणि गावात दुसऱ्या कुणाला ते जमत नाही, याची मला घमेंडही आहे. दोन दुपारी खर्चून मी त्या वहीतल्या एक्केचाळीस टाचण्या काढल्या. एकही पान फाटलं नाही. पानांत काय लिहिलंय ते वाचलंही नाही, अगदी देवाशपथ. टाचण्या पाकिटात घातल्या, पाकिटावर क्रमांक टाकला आणि नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'टाचलेली पाने उघडू नयेत.' मग कपाटाला कुलूप लावलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

पुढे बहिणीच्या ऑपरेशनसाठी मला कपाटाची किल्ली सरांकडे देऊन दोन आठवड्यांची रजा घ्यावी लागली. परतले ती बसमधून थेट संग्रहालयात, कारण त्या दिवशी शनिवार होता. दारावर फलक: 'माझा जन्म, माझं गाव! तारीख सांगा, आपलं पान पाहा.' आतल्या मोठ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर पांढरा पडदा लावला होता आणि पडद्यावर सुईणीचं ते किरटं अक्षर हातभर मोठं होऊन पसरलं होतं.

मी सरांना बाजूला ओढलं. "सर, वही कुणी स्कॅन केली?"

"मीच. दोन रात्री जागून. पानन् पान!"

"आणि टाचलेली पानं?"

"मॅडम, तुमचा शेरा वाचला ना मी. एवढाही अडाणी नाही. सगळी वही तपासली. टाचलेलं एकसुद्धा पान नव्हतं." त्यांनी टाळी वाजवली आणि ते लोकांकडे वळले.

त्याच क्षणी प्रोजेक्टरचा प्लग उपटायला हवा होता. पण मग का उपटला ते सगळ्यांदेखत सांगावं लागलं असतं, आणि पहिल्या रांगेत शिवणकामवाल्या बाई बसल्या होत्या, हातात सत्काराचा गुच्छ घेऊन. माझ्याकडे बघून त्या हसल्या. मी हसले. माझी मलाच किळस आली, पण मी दाराशी गप्प उभी राहिले.

पहिली चार-पाच पानं निर्धोक निघाली. बेकरीवाला निघाला पायाळू, लोक खो खो हसले. बँकेतल्या बाईंचं जन्मावेळचं वजन ऐकून त्यांच्या नवऱ्याने शिट्टी मारली. जो तो आपलं पान बघून हरखत होता, फोन वर धरून चित्रण करत होता, बिस्किटं खात होता आणि चुरा माझ्या फरशीवर सांडत होता. प्रत्येकाला एक रंगीत प्रमाणपत्र मिळत होतं. बारशाला आल्यासारखी सगळी मंडळी खुशीत होती.

मग शाळेच्या बसचा ड्रायव्हर उठला. पन्नाशी उलटलेला, अबोल माणूस. त्याने आपल्या आईला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. तिला दिसायचं कमी, पण कान तिखट. त्याने तारीख सांगितली, सरांनी बटण दाबलं आणि नाटकी आवाजात वाचायला सुरुवात केली.

"पहाटे. मुलगी. श्वास नव्हता. बाळंतीण बेशुद्ध." इथे कुणीही थांबला असता. सर थांबले नाहीत. वाचण्याच्या भरात त्यांना अर्थच लागला नव्हता. "वरच्या गल्लीत त्याच पहाटे मुलगा झाला. आईला नको होता. आणून हिच्या कुशीत ठेवला. हिला सांगितलं नाही. घरच्या कुणालाच नाही."

बिस्किटं खाणारे हात थांबले. फोन मात्र एकही खाली आला नाही. उलट ज्यांचे पडद्याकडे होते, त्यांनी ते खुर्चीकडे वळवले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "वरच्या गल्लीत म्हणजे कुणाकडे गं?" आणि चारजणींनी डोकी जवळ आणून वर्षांचा हिशेब सुरू केला. नाक्यावर अपघात झाला की लोक असेच वाकून वाकून बघतात.

सरांना उशिरा का होईना, कळलं. त्यांचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तो उजळला. "मंडळी," ते हळूच म्हणाले, "हाच... हाच खरा इतिहास." टाळीसाठी त्यांचे हात जवळ आले.

"सर, टाळी वाजवलीत तर हात मोडीन!" मी ओरडले. बावीस वर्षांत त्या खोलीत मी कधी आवाज चढवला नव्हता. मग मात्र प्लग उपटला, दारं सताड उघडली आणि दिसेल त्याला बाहेर काढलं. "चला, निघा! बिस्किटं घ्या आणि निघा!" बिस्किटं घ्यायला खरंच काहीजण थांबले.

शेवटी आम्ही पाचजण उरलो. शिवणकामवाल्या बाईंनी गुच्छ खुर्चीवर ठेवला आणि त्या माझ्यासमोर आल्या. "तुम्ही उघडली?"

"टाचण्या मी काढल्या," मी म्हणाले. "गंज लागतो म्हणून. नियम आहे."

"नियम आहे," त्या म्हणाल्या. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ड्रायव्हर आईच्या पायांशी बसला होता. तिचा हात त्याने दोन्ही हातांत धरला होता. "आई, अगं मी आहे ना. मी तुझाच आहे."

"तू माझाच आहेस. तुझं कुठे काय म्हणते मी?" म्हातारी म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "पण ती कुठे आहे रे? कुठे ठेवली तिला?"

आम्ही सगळ्यांनी शिवणकामवाल्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. त्यांच्या आईने हे कधीच सांगितलं नव्हतं. मी कपाटातून वही आणली आणि ते पान काढून खालची ओळ वाचली. खाली दुसऱ्याच घरचं बाळंतपण होतं. मुलगा, दोघं सुखरूप.

"चोपन्न वर्षं," म्हातारी म्हणाली. "चोपन्न वर्षं मी तिची एकदाही आठवण काढली नाही. नाव नाही ठेवलं. मला माहीतच नाही, तर काय करणार?" ती रडली नाही. खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत राहिली. मग तिने मुलाला विचारलं, "तुला बहीण असती, तर काय हाक मारली असतीस?"

तो उठला, वाकला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला. तिने ते नाव स्वतःशीच दोनदा पुटपुटलं. आम्हाला ऐकू आलं नाही.

टाळ्यासाहेब इतका वेळ भिंतीला टेकून होते. ते पुढे आले, हातात कोरं प्रमाणपत्र आणि पेन. मनापासून बोलत होते, हेच मला जास्त किळसवाणं वाटलं. "आजी, नाव सांगा. आम्ही तिचीही नोंद करू. रीतसर. कायमची राहील."

म्हातारीने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"इथे नको," ती म्हणाली. "इथे सगळ्यांना दाखवतात."