उत्ता

भिमाबाईंनी चिमूटभर पूड कोमट दुधात टाकली, चमच्याने ढवळली आणि पेला आधी स्वतःच्याच नाकाशी नेला. वास कडवट होता. समोर बसलेली चार वर्षांची मैत्रेयी आजीचा चेहरा न्याहाळत होती.

"पी बाळा."

मैत्रेयीने घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळं फ्रॉकवर सोडून दिलं.

"हे उत्ता नाहीये," ती म्हणाली.

पंधरा दिवस हा एकच शब्द भिमाबाईंच्या डोक्यात भुणभुणत होता. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी दोन महिने वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही असं बजावलं होतं. मुलगा राजरत्न आणि सून प्रीती दोघंही नोकरीवर. म्हणून नातीला खरवईच्या ठमाबाईंकडे ठेवलं. ठमाबाई म्हणजे प्रीतीच्या कंपनीतल्या विनिताची सासू. शेतात बिल्डिंगी उभ्या राहिल्या, हातांना काम उरलं नाही, तशी म्हातारी हौसेने दुसऱ्यांची पोरं सांभाळू लागली. मैत्रेयी दुपारी तिथे झोपायची, प्रीतीची दुसरी पाळी असली की रात्रीही तिथेच झोपायची आणि बाप येऊन तिला खांद्यावर टाकून न्यायचा. पुढे डोळा बरा झाला. मैत्रेयी हेंद्रेपाड्याला आजीपाशी परत आली, पण झोप खरवईलाच राहिली.

दुपारी डोळ्याला डोळा नाही, रात्री साडेअकरापर्यंत उड्या. 'ठमाआजीचं दूध पाहिजे' हे एकच पालुपद. त्या दुधात असतं काय, तर म्हणे उत्ता.

भिमाबाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. जायफळ उगाळून झालं, बडीशेप उकळून झाली, वेलची, हळद, खारकेची पूड, दुकानातली चॉकलेटी पावडरसुद्धा झाली. नातीने प्रत्येक पेला परत केला. पहाटे पाचला उठून पहिल्या पाळीला जाणाऱ्या प्रीतीने शेवटी हळूच सांगून टाकलं, की एक तारखेपासून मैत्रेयीला पुन्हा खरवईलाच ठेवू, म्हणजे आई, तुमचीही दगदग वाचेल. सून मनाने चांगली, म्हणूनच ते जास्त लागलं. काडेपेटीच्या कारखान्यात तीस वर्षं उभं राहून दोन मुलं वाढवलेल्या बाईला स्वतःची नात झोपवता येईना! भिमाबाईंचा जीव जळत होता. पण खरं सांगायचं तर जळफळाटापेक्षा कुतूहलच जास्त होतं. असतं तरी काय हे उत्ता?

ठमाबाईंना फोन केला असता तर एका वाक्याचं काम होतं. पण विचारणं म्हणजे हरल्याची कबुली. त्यापेक्षा भिमाबाईंनी उल्हासनगरला चंदरशेठचं जडीबुटीचं दुकान गाठलं. शेठने तो शब्द तीनदा म्हणवून घेतला, डोळे मिटून विचार केला आणि वरच्या फळीवरची बरणी काढली.

"उस्तखुद्दूस बोलती होगी बच्ची. नींद के लिए यही देते हैं, अम्मा."

शब्द निम्मा तरी जुळत होता. तरीही नातीला देण्याआधी खबरदारी म्हणून भिमाबाईंनी काल एक पेला स्वतः पिऊन पाहिला. काल दुपारी त्या साडेपाचपर्यंत घोरत पडल्या आणि मैत्रेयीने भिंतीवर रंगीत खडूने सहा मोर काढले.

आणि आज ही तऱ्हा. भिमाबाईंनी पेला मोरीत ओतला, नातीचा फ्रॉक बदलला आणि चपला पायांत सरकवल्या. मैत्रेयीची छत्री खरवईला राहिली होती, ती आणायचं निमित्त. खरं म्हणजे दुपारच्या दुधाची वेळ गाठायची होती.

ठमाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, डोळ्याची चौकशी केली, पोर वाळली म्हणून हळहळल्या. मैत्रेयी तोवर सरळ स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसलीही होती. ठमाबाई हसल्या आणि त्यांनी दूध तापत ठेवलं. भिमाबाई दारातच उभ्या राहिल्या. नव्या डोळ्याने त्यांनी ठमाबाईंचे हात एक क्षणही सोडले नाहीत. दूध वाटीत ओतलं गेलं. त्यात चमचाभर साखर पडली. पुडी नाही, डबी नाही, कनवटीला लावलेलं काही नाही.

ठमाबाई खाली बसल्या आणि त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं. मग वाटी स्वतःच्या तोंडाला लावली, एक घोट प्यायल्या आणि तीच वाटी मैत्रेयीच्या ओठांशी नेली.

"यो घे माजा उस्टा," त्या म्हणाल्या.

उष्टं.

भिमाबाईंच्या कानशिलात कुणीतरी मारावी तसं झालं. हा शब्द त्यांच्या घरात नव्हता. लहानपणी गावात लग्न लागलं की मांडवाबाहेर टोपलं घेऊन बसायचं आणि पंगत उठली की पत्रावळींवरचं त्यात पडायचं. ते खाल्लेलं त्यांना अजून आठवत होतं, चवीसकट. छपन्न साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा बापाने ते टोपलं चुलीत घातलं आणि उष्ट्याला पुन्हा कुणी शिवायचं नाही असं सांगितलं. पुढे नवऱ्याने, शंकररावांनीही तोच नेम पाळला. घरात ज्याचा त्याचा पेला, ज्याचं त्याचं ताट. पंधरा दिवस नात तोच शब्द बोलत होती आणि आजीच्या कानांनी तो आत घेतलाच नव्हता.

आमच्या पोरीला उष्टं पाजते! भिमाबाई नातीला उचलायला एक पाऊल पुढे आल्या.

मैत्रेयीने घोट घेतला होता. तिने वाटी दोन्ही हातांनी परत ढकलली.

"हा माझा उत्ता."

आणि ठमाबाई ते प्यायल्या. कड न पुसता, जिथे पोरीचे ओठ टेकले होते तिथूनच. मग पुन्हा वाटी इकडे, पुन्हा तिकडे. दूध लवकर संपू नये म्हणून दोघींचे घोट लहान लहान होत चालले होते. पोरीच्या पापण्या जड झाल्या होत्या.

भिमाबाईंचं पाऊल तिथेच राहिलं. उष्टं वरून खाली पडतं एवढंच त्यांना आजवर ठाऊक होतं. ते असं परतही जातं हे बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा दिसत होतं आणि डोळा उगाच भरून येत होता.

"तुमचे घरान नाय का असा देत, भिमाबाय?" ठमाबाईंनी सहज विचारलं. "पोरीला लय आवड हाय याची."

"आमच्या घरात तो शब्दच बोलत नाहीत."

ठमाबाई 'का?' म्हणून विचारणार होत्या. पण त्यांनी भिमाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हातातली वाटी हळूहळू खाली आली.

"मना नाय ठावं व्हता," त्या पुटपुटल्या.

मैत्रेयीने डोळे किलकिले केले. थांबलेली वाटी तिने ओढून घेतली आणि दाराकडे धरली. आजी, आता तू, असं काहीसं ती झोपेतच बोलली.

वाटीत दोन घोट उरले होते. त्यातलं कुठलं कुणाचं हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. औषध कळलं होतं. त्याला पैसे पडत नव्हते, पण ते द्यायचं तर बापाचा आणि नवऱ्याचा नेम मोडायला लागत होता. भिमाबाई गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसल्या. वाटी घेतली. बराच वेळ नुसती धरून ठेवली आणि मग एक घोट प्यायल्या. दूध कोमट होतं, साखर त्यांच्या मानाने जरा जास्त होती.

नातीला बोलावं म्हणून त्यांनी मान वळवली, तर ती ठमाबाईंच्या मांडीवर झोपून गेली होती. खेळ खरं तर संपला होता.

भिमाबाईंनी तळाशी उरलेला घोट पाहिला आणि वाटी ठमाबाईंसमोर धरली.

"हा माझा," त्या म्हणाल्या.

ठमाबाईंनी पोर जागी होणार नाही अशा बेताने एक हात सोडवला आणि पुढे केला.