शिडी, आजी आणि साठ किलोमीटर

भिंगरीचं म्हणणं एवढंच होतं, की गाडीच्या टपावरचं कॅरियर आणि त्यावर बांधलेली शिडी वारा अडवते आणि फुकटचं पेट्रोल पिते. तिचे बाबा इलेक्ट्रिशियन. शिडीवर त्यांचा भारी जीव. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती खाली उतरत नसे.

"शिडी पेट्रोल पिते? मग पंखा बिस्किटं खात असेल!" बाबा हसले. "दाखव सिद्ध करून. केलंस तर सुट्टीला टप रिकामा. नाहीतर वर्षभर गाडी तू धुवायचीस."

"लागली पैज!"

रविवारी पंपावर टाकी काठोकाठ भरली. शिडीसकट साठ किलोमीटर, वेग ऐंशी, काचा बंद. परत येऊन पुन्हा भरली. बसलं पाच लिटर.

घरी येऊन शिडी, कॅरियर उतरवलं. पण भिंगरी पडली काटेकोर! ओझं कमी झालं तर बाबा म्हणणार, फरक वजनाचा, वाऱ्याचा नव्हेच. शिडी-कॅरियर भरलं एकेचाळीस किलो. घरात एकेचाळीस किलोचं दुसरं कोण? चपलांसकट बरोब्बर आजी.

"म्हणजे मी शिडीच्या जागी?"

"टपावर नाही गं आजी, मागच्या सीटवर!"

आजी ऐटीत बसली. पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ करून तेच साठ किलोमीटर सुरू झाले. भिंगरीने वहीत डोकं खुपसलं ते वर काढलंच नाही. केस नाकातोंडात जात होते, तरी बाईसाहेब बेरजेतच.

टाकी भरली. पुन्हा पाच लिटर! थेंबभरही कमी नाही.

"बादली काढून ठेवतो हं," बाबा गोड आवाजात म्हणाले.

भिंगरी रडवेली होऊन मागे वळली. मागच्या दोन्ही काचा सताड उघड्या!

"आजी! अख्ख्या रस्त्याचा वारा आत घेतलास?"

"मग? मला कोंडल्यासारखं होतं. आणि वाऱ्याला काय तुझी परवानगी लागते?"

"फेरी रद्द!" भिंगरी ओरडली. बाबांनी कुरकुर केली, पण काचा बंद ठेवायचं ठरलं होतं, ते मोडलंच होतं. घरी जाऊन आजीला उतरवलं, तिच्या जागी वायरची एकेचाळीस किलो भेंडोळी ठेवली, पंपावर टाकी काठोकाठ केली आणि काचा बंद करून तेच साठ किलोमीटर.

चार लिटर तीनशे मिली. भिंगरी पंपावरच नाचली.

पुढच्या रविवारी सगळे फिरायला निघाले. टप रिकामा. मागे आजी, दोन्ही काचा खाली.

बाबा उसासा टाकत म्हणाले, "त्यापेक्षा शिडीच बांधतो परत. ती निदान काचा तरी उघडत नाही."

"बांध की," आजी म्हणाली. "मीही टपावर बसते. तिथे छान हवा असेल."