पिवळी ज्योत

तार ज्योतीत धरली आणि कडेला क्षणभर जांभळट काहीतरी थरथरलं. लगेच सगळी ज्योत पिवळीधमक झाली. पिवळी म्हणजे सोडियम. पण ती जांभळी कड? ती पोटॅशियमची.

मी हात कोटाच्या खिशात घातला. बोटांना खरखरीत दाणे लागले.

मीठ! सकाळी निघताना हाग्गा इन्शिराह, माझ्या सासूबाई, माझ्या लेकीला, तुकाला, कडेवर घेऊन माझ्या मागेपुढे करत होत्या. "थांब गं, लोकांची नजर वाईट. परीक्षेला चाललीयेस." त्यांनी डोक्यावरून मीठ उधळलेलं मी पाहिलं होतं. खिशातही भरलंय हे आता कळत होतं. त्याच खिशात माझी तार आणि लहान चमचा. त्याच चमच्याने मी ओळखायला दिलेल्या पुडीतली पांढरी पूड ढवळली होती.

म्हणजे मीठ, म्हणजेच सोडियम, नमुन्यातच गेलं. आता तार कितीही धुवा.

सल्फेट सापडलं होतं, इतर धातू एकेक करून बाद झाले होते. हे दोनच उरले होते, आणि उत्तर एकच लिहायचं होतं. याच विषयात मी तुकाच्या वेळी पोटुशी असताना नापास झाले होते. सौदीतल्या तबूकहून नवऱ्याने, मुअतझने, फोनवर सांगून ठेवलं होतं, "या वेळी नाही जमलं तर पुरे आता. पोरीकडे बघ." मी हो म्हटलं होतं. का म्हटलं, कोण जाणे.

मी परीक्षकाला विचारलं, "डॉक्टर वगीह, दुसरी पुडी मिळेल?"

"डॉक्टरीणबाई, एकीला एक पुडी."

"मग निळी काच तरी?" त्या काचेतून पिवळं दिसत नाही, जांभळं दिसतं.

"सकाळच्या तुकडीने फोडली."

शेजारची घादा कुजबुजली, "सोडियम लिही आणि मोकळी हो. दिसतंय ते लिही."

दिसतंय ते! गल्लीतल्या बायका फार्मसीच्या पहिल्या वर्षापासून मला डॉक्टरीण म्हणतात, पोरांचे ताप घेऊन दारात येतात, आणि इथे मला साधं मीठ वेगळं काढता येईना. दात-ओठ खात मी लिहिलं, पोटॅशियम.

वगीह आला. स्वतःच तार धरली. पिवळी.

"हे पोटॅशियम?"

"माझ्या खिशात मीठ होतं."

"काय होतं?"

मी खिसा उलटा केला. टेबलावर दाणे सांडले. पलीकडची रांग फिदीफिदी हसली. घादाने मान खाली घातली, पण खांदे हलत होते.

"सासूबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून..."

"मी सासूबाईंना गुण देत नाही. सिद्ध करा. तोवर मी पलीकडचे पेपर गोळा करतो."

टार्टारिक आम्ल. पोटॅशियम असेल तर पांढरे कण बसतात, मीठ मध्ये येत नाही. पण ते सावकाश. द्रावण घट्ट करून आम्ल घातलं, काचेच्या कांडीने नळीची आतली बाजू खरवडत राहिले. नळी स्वच्छ. वगीह एकेक पेपर उचलत होता. मी आणखी जोराने खरवडलं. तुकाने दूध घेतलं असेल का, हेही मध्येच डोक्यात येत होतं, आणि त्याचाच राग येत होता.

वगीह समोर उभा राहिला. "वेळ संपली."

"एकच मिनिट."

"द्या इकडे."

त्याने नळी उजेडात धरली, हलवली. तळाशी पांढरा धूसर थर होता. बारीक, पण होता. त्याने पेन काढलं.

"ज्योतीचे गुण शून्य," तो म्हणाला आणि पोटॅशियमवर खूण केली. "काठावर पास. पुढच्या वेळी कोट झटकून या."

बाहेर आले ती नुसती धुमसत. काय बोलायचं ते जिना उतरतानाच ठरवलं होतं: परत माझ्या कोटाला हात लावायचा नाही. फोन लावला.

"हाग्गा, आज तुमच्यामुळे..."

"आधी सांग, पास?"

"पास, पण..."

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. कानात झगरूता, आनंदाची लांबलचक किलकारी, घुमली, पाठोपाठ तुकाचं दचकून रडणं.

"बघ, उठली पोरगी! ये लवकर," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.