अडलेला शब्द सोडून

रंजिता परबला चिनी येतं, हे डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. किती येतं, ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

माटुंग्याच्या क्लासला जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिथे पायरीपायरीने वाढणारी गोष्टींची पुस्तकं होती. पहिल्यात दीडशे शब्द, दुसऱ्यात तीनशे, तिसऱ्यात सहाशे. मागच्या पानांवर शब्दांची यादी. रंजिता आठवड्याला दहा शब्द पाठ करायची, चौकटीच्या वहीत एकेक अक्षर गिरवायची. आणि त्या पुस्तकांतली माणसं करायची काय? चहा प्यायची, मांजर हरवायची, सापडलं की हसायची! बाईंचा एकच नियम होता, "अडलेला शब्द सोड आणि पुढे वाच, अर्थ आपोआप लागतो." लागायचाही. न लागून जातो कुठे, ती पुस्तकं तशीच बेतलेली असतात. तिची आई जाईबाई मात्र नळावर छाती फुगवून सांगायची, "आमची रंजू चीनचा पेपर फडाफडा वाचता!" रंजिता लाजायची आणि गप्प बसायची. तिथेच घोडं पेंड खात होतं.

मंगळवारी दुपारी एक वाजता निमेश दारात उभा राहिला. तिचा थोरला भाऊ हितेंद्र मालवाहू बोटीवर होता आणि निमेश त्या बोटीच्या कंपनीच्या फोर्टमधल्या ऑफिसातला. त्याचा चेहरा बघूनच जाईबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"हितेंद्रच्या पायावर लोखंड पडलंय," निमेश म्हणाला. "चीनमध्ये बंदराजवळच्या दवाखान्यात आहे. शुद्धीवर नाही. घरच्यांची सही लागतेय, अर्ध्या तासात. इंग्लिश कागद संध्याकाळी येतोय, पण दवाखाना थांबायला तयार नाही. छोटंसं ऑपरेशन असेल, काका."

असेल! म्हणजे ह्यालाही काही माहीत नव्हतं.

रंजिताच्या वडिलांनी, राजारामांनी निमेशचा फोन घेतला आणि सरळ मुलीच्या हातात दिला. "वाच गो बाय."

कागदाचा फोटो बोटीवरच्या कुणीतरी घाईघाईत काढलेला. छापील मजकुराचं भाषांतर फोनने करून दिलं, ते नेहमीचं, संमती आणि सही वगैरे. पण मधल्या चार ओळी डॉक्टरने हाताने लिहिल्या होत्या, त्यांवर घडी होती, सावली होती, आणि तिथे फोनने हात टेकले. आता ती आणि त्या चार ओळी. आईबाप तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाचता येत नाही, एवढं म्हणायला काय जात होतं? पण जीभ उचलेना.

तिने पुस्तक वाचते तसं वाचलं. डॉक्टर... डावा पाय... मग दोन अनोळखी अक्षरं... आजच... करायलाच हवं. अनोळखी अक्षरं तिने सवयीने सोडली. अर्थ लागला, आणि शेवटच्या ओळीआधीच ती थांबली.

"डाव्या पायाचं ऑपरेशन आहे, आजच करायला हवं," ती म्हणाली.

निमेशने पुढे केलेल्या कागदावर राजारामांनी सही केली. निमेशने फोटो काढून पाठवला आणि रेंज मिळावी म्हणून तो गॅलरीत गेला. जाईबाईंनी देवासमोर निरांजन लावलं.

रंजिताला मात्र चैन पडेना. निमेशने तिच्या फोनवर पाठवलेला कागद तिने पुन्हा उघडला. ती दोन अक्षरं तिथेच होती. पुस्तकात कठीण शब्दाचा अर्थ पानाच्या तळाशी दिलेला असतो. इथे तळाशी दवाखान्याचा शिक्का होता. तिने वही काढली, फोटो मोठा केला आणि रेघेमागे रेघ ती अक्षरं उतरवली. मग तशीच बोटाने शब्दकोशात काढली. पहिल्यांदा भलतंच काही आलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा शब्द उघडला.

अवयव कापून वेगळा करणे.

ती गॅलरीत धावली. "निमेश, थांबवा त्यांना! पाय कापताहेत त्याचा!"

निमेशचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने तिकडे फोन लावला, दोन वाक्यं बोलला आणि मान हलवली. "आत नेलं त्याला. सही मिळाल्या मिळाल्या."

मागे राजाराम उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. आतून जाईबाईंचा हंबरडा आला. रंजिताला वाटलं, बाबा आता कानाखाली वाजवतील, आणि वाजवली असती तर बरंच झालं असतं.

"बाबा, मी शब्द सोडला. मला येत नव्हता. मी सांगितलं नाही."

राजारामांनी गॅलरीचा कठडा धरला. मग म्हणाले, "पुढे काय लिवलाहा? माझो झील, माझो हितेंद्र जगतलो मा?"

शेवटची ओळ उरली होती. रंजिताने एकेका अक्षरावर बोट ठेवलं. ह्या ओळीत एकही शब्द अडला नाही, सगळे पहिल्या यादीतले. चिनी शिकणारं शेंबडं पोरही वाचेल अशी सोपी ओळ. तिने ती दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचली. एक शब्द गाळला असता तर बाबांना हवं तेच वाक्य झालं असतं.

"पाय काढला, तर कदाचित जगेल," तिने वाचलं.

"कदाचित म्हणजे होय काय गो?"

"कदाचितच लिहिलंय, बाबा," ती म्हणाली आणि रडायला लागली.