मधलीचा दात

रविवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झालेल्या टर्नरने मधली रायफल खोलली. आतल्या खटक्याचा दात शाबूत होता.

तो शाबूत असायला नको होता. मधलीचा दात झिजलेला आहे हे टर्नरने महिन्यापूर्वी स्वतः भिंगातून पाहिलं होतं. तिच्यासाठी नवा खटका घासायला त्याला आठ दिवस लागले होते. तो खटका आता टेबलावर, फडक्यावर, तयार पडला होता. त्याने भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. मग दस्ता उलटा करून बघितला. लाकडावर दोन खाचा होत्या. दोन खाचा म्हणजे मधली.

एकूण तीन एअर रायफली होत्या. एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या, शेजारी शेजारी ठेवल्या तर ओळखू न येणाऱ्या. म्हणून दस्त्याच्या टोकाला त्याने कानशीने खाचा केल्या होत्या: थोरलीला एक, मधलीला दोन, धाकटीला तीन. बायको तिघींना सवती म्हणायची. पाहुण्यांनी खोलीतलं कपाट उघडलं की ती सांगायची, "आमच्या ह्यांचा जनानखाना आहे तो."

जुनं घर सोडून लहान घरात जायचं ठरलं तेव्हा निवड करावी लागली. थोरली ठेवायची, कारण तिचा नेम बसलेला होता. मधली दुरुस्त करायची, नवा खटका आणि जरा नरम स्प्रिंग, कारण त्याचा उजवा खांदा आता पूर्वीचा राहिला नव्हता. धाकटी द्यायची, कारण ती निर्दोष होती आणि खोड असलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारणं त्याला पसंत नव्हतं. नेमबाजीच्या क्लबातल्या टेलरबाईंकडे एक चांगली दुर्बीण होती आणि त्यांना रायफल हवी होती. शनिवारी दुपारी अदलाबदल झाली. तीन खाचांची रायफल त्या घेऊन गेल्या.

म्हणजे झिजलेला दात त्यांच्याकडे गेला होता.

या रायफलीला बाजूने एक दांडा असतो. तो मागे ओढला की स्प्रिंग दाबली जाते, पोलादी सिलिंडर मागे सरकतो आणि नळीच्या मागच्या टोकाशी एक खिडकी उघडते. त्या खिडकीतून बोटाने छर्रा बसवायचा. तेवढा वेळ दाबलेल्या स्प्रिंगचा सगळा जोर खटक्याच्या दातावर असतो. दात निसटला तर सिलिंडर पुढे आदळतो आणि खिडकीत जे असेल ते कापतो. म्हणून छर्रा बसेपर्यंत दुसऱ्या हाताने दांडा धरून ठेवायचा. क्लबात कुणाचा हात सुटलेला दिसला की टर्नर मागून ओरडायचा, "दांडा!" बारा वर्षं तो हे ओरडत आला होता. कारखान्यात त्याचं नाव सूतराव पडलं होतं, कारण एक सूत इकडचं तिकडे त्याला खपायचं नाही. क्लबातही तेच नाव चिकटलं.

त्याने मेहुण्याला फोन लावला. मेहुणा वायरमन होता. गुरुवारी मधलीच्या आणि धाकटीच्या दस्त्यांना पॉलिश केल्यावर त्यांत नळी-खटक्याचं लोखंड परत बसवायला तोच मदतीला आला होता.

"दोन खाचांच्या लाकडात कुठलं लोखंड घातलंस?"

"तुम्ही दिलंत ते, दाजी."

"मी काय म्हणून दिलं?"

"म्हणालात, ही घे."

"ही म्हणजे कुठली?"

"आता ही म्हणजे ही! लोखंडावर काय नाव लिहिलंय का? खाचा तुमच्या लाकडावर. जुळ्यांचे झगे बदलले तर..."

"फोन ठेव."

बायको दारात उभी होती. हातात पुस्तकांचा खोका होता. तो तिने खाली ठेवला.

"काय झालं?"

त्याने सांगितलं. चार वाक्यांत सांगून झालं.

"पण त्या दांडा धरतीलच की. तुम्हीच शिकवलंय त्यांना."

"काल त्यांनी विचारलं मला."

विचारलं होतं ते असं. टेलरबाई म्हणाल्या होत्या, "काका, एक हात दांड्याला अडकला की माझा छर्रा सांडतो. दिवसभर सुईत दोरा ओवणारी बाई मी, आणि छर्रा बसत नाही. लोक हसतात हो. धरायलाच हवा का?"

"इतरांचा धरा. हिचा नाही धरला तरी चालेल. हिचा दात मी पाहिलाय."

एवढ्यावर तो थांबला नव्हता. त्याने दांडा ओढला, हात सोडला आणि दस्त्यावर तळव्याने तीन थापा मारल्या. सिलिंडर जागचा हलला नाही. टेलरबाईंनी टाळ्या वाजवल्या. झिजलेला दात दहा वेळा धरतो, अकराव्यांदा निसटतो, हे क्लबातल्या प्रत्येक नवख्याला त्यानेच सांगितलेलं होतं.

"आणि हातात घेतलीत तेव्हा तुम्हाला कळलं नाही?" बायकोने विचारलं. "अंधारात चमचा वाकडा असला तरी कळतो तुम्हाला."

"एक बार काढून दाखवला. घोडा हलका लागला, झिजलेल्या दाताचा लागतो तसा."

"मग?"

"तेलामुळे असेल म्हटलं."

"म्हटलंत, की वाटलं?"

तो खिडकीकडे वळला. दुर्बीण खिडकीत तिपाईवर उभी होती. कालची संध्याकाळ त्याने तिच्यातून समोरच्या इमारतीवरच्या टाकीचे नट मोजण्यात घालवली होती.

नऊ एक्केचाळीसला त्याने टेलरबाईंना फोन केला. घंटा वाजत राहिली. पुन्हा केला. तिसऱ्या वेळी त्यांच्या सासूबाईंनी उचलला.

"ती गेली मघाशीच. फोन घरीच ठेवला तिने, तिकडे आत नेऊ देत नाहीत ना. तुम्हीच काका का? फार खूश आहे हो ती. रात्री जेवताना सगळ्यांना सांगत होती, आता धरायची कटकट नाही म्हणून."

"रिक्षा बघा," बायको म्हणाली. "मी क्लबात फोन लावते."

"क्लब चाळीस मिनिटांवर आहे."

"म्हणून इथेच बसणार?"

त्याने चपला घातल्या, मग काढल्या. रिक्षात फोन लागेल की नाही याची खात्री नव्हती. क्लबच्या ऑफिसचा फोन सुट्टीच्या दिवशी वॉचमन उचलायचा. पुन्हा पुन्हा लावल्यावर दहा वाजून दोन मिनिटांनी वॉचमनने उचलला.

"सूतराव! आज दांडी? इथे सगळे विचारतायत, ओरडणारा कुठे गेला."

"टेलरबाई आल्यात?"

"चार नंबरला आहेत. नवी बंदूक आणलीय, सगळ्यांना दाखवून झाली."

"आत जा. त्यांना सांग, खिडकीत बोट घालू नका. नळी समोर ठेवा, दांडा धरा, आणि रायफल तशीच राहू दे. माझं नाव सांग."

"आत्ता कसा जाऊ? लाल दिवा लागलाय. सगळे बार काढतायत."

"तरी जा."

"अहो, दिवा असताना कुणी दार उघडायचं नाही, ही पाटी कुणी लावली? तुम्हीच ना? मागच्या महिन्यात मला अध्यक्षांसमोर झापलंत त्यावरून."

"मी लावली. मीच सांगतोय, उघड."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काचेवर टकटक करून बघतो," वॉचमन म्हणाला. "कानात बोळे असतात सगळ्यांच्या. नाही ऐकलं तर उघडतो. बार थांबवायची घंटा होतेच, पण ती साडेदहाला. फोन धरा."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. मग काचेवर टकटक, आधी हळू, मग जोरात. त्याच्यामागे स्प्रिंगच्या रायफलींचे बोथट बार, एकामागून एक. एकसारख्या रायफली, एकसारखे बार. कुठला चार नंबरचा, ते टर्नरला ओळखता येईना. बायकोने आपला कान फोनच्या मागच्या बाजूला लावला होता.

दहा वाजून नऊ मिनिटांनी टकटक थांबली; दार उघडलं की नाही, ते फोनवर कळेना. दहा अकराला बार थांबले, सगळे एकदम. घंटा झालेली नव्हती.