नटावरची पांढरी रेघ

ताईच्या तीनचाकीचं हँडल सावकाश जाताना डुगडुगायचं. गाडी वेगात असली की काही नाही. पण धावत्या माणसाइतक्या वेगावर आली की हँडल तिच्या हातात डावी-उजवीकडे आपटायला लागायचं.

ताई नर्स आहे, घरोघरी जाऊन रुग्णांच्या जखमा बांधणारी. अपघातानंतर तिचा डावा गुडघा वाकेना, म्हणून तिच्याच जुन्या मोटरसायकलला आम्ही मागे दोन चाकं जोडून घेतली आणि गिअरसाठी हाताचा दांडा बसवला. सोमवारपासून ती स्वतःच्या गाडीने फेऱ्या करू शकली नाही, तर तिला कायमचं कार्यालयात बसवणार होते.

"फायलींना बँडेज बांधत बसू?" ती म्हणाली. हसून म्हणाली, पण रात्रभर तिला झोप लागत नव्हती, हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

घरात भौतिकशास्त्र शिकलेली मीच, त्यामुळे जबाबदारी माझ्या गळ्यात. तीनचाकी वळणावर कलत नाही. रस्त्याचे सगळे धक्के हँडलवर येतात. हँडलचा दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो, त्याचा नट सैल असेल तर थरथर वाढते. मी तो बेताने बसवला: पुढचं चाक उचललं की हँडल आपल्या वजनाने दोन्हीकडे पडावं, पण खडखड नको. हादऱ्यांनी नट सुटतो का, हे कळावं म्हणून नटावर आणि खालच्या पत्र्यावर मिळून एक सरळ पांढरी रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेघ मोडलेली दिसली. नट सरकला होता, पण आवळण्याच्या दिशेने. हादऱ्यांनी नट सैल होतो. आपण होऊन घट्ट होत नाही.

"बाबा, नट तुम्ही आवळलात?"

बाबा शिलाई मशिनं दुरुस्त करतात. जे हलतं ते आवळायचं, हा त्यांचा धर्म.

"किंचित," ते म्हणाले. "आवळला की दिवसभर बरी चालते. मग पुन्हा डुगडुगते. म्हणून पुन्हा किंचित."

"म्हणजे पहिल्यापासून रोज?"

आई दोरीवर कपडे वाळत घालत होती. आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "मी पण. यांच्या हातात आता पूर्वीसारखा जोर नाही. म्हटलं, सैल राहिला तर पोरीचं काय."

"तरीच," ताई म्हणाली, "आपल्या घरात नळाचे वॉशर टिकत नाहीत."

मी आणि बाबांनी हँडलचा दांडा उतरवला. रोजच्या आवळण्याने बेअरिंगच्या कड्यांत आतल्या पोलादी गोळ्यांनी दाबून खळगे पाडले होते, बोटाला लागतील एवढे. हँडल सरळ आलं की त्या खळग्यात अडायचं आणि मग झटक्याने सुटायचं. बाबा त्या कड्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"लेकीचा जीव घेतला असता आम्ही," ते म्हणाले.

"बाबा, ती कडी ठेवा खाली. नवी बसवायची आहेत," मी म्हणाले.

नवी बेअरिंगं बसली. तरीही थोडी थरथर उरली, म्हणून हँडलला डॅम्पर लावला. तेल भरलेली नळी, झटका जिरवणारी. रविवारी ताई हेल्मेट घालून बसली. ठरलं होतं असं, की अंगणातच फेरी मारायची. बाबा मागचं कॅरिअर धरून धावले.

"बाबा, सोडा. मी काय सायकल शिकतेय?"

त्यांनी सोडलं. फाटकापाशी ती मंदावली, नेमकी त्याच वेगावर. हँडल एकदा थरथरलं. आईने माझा दंड धरला. हँडल शांत झालं, आणि ताई थांबायच्या ऐवजी सरळ रस्त्यावर गेली.

"अगं, बाहेर कुठे निघालीस?" आई म्हणाली, पण ताई तोवर भिंतीआड गेली होती.

आता फक्त आवाज होता. तो कोपऱ्यावर उतरत गेला, म्हणजे वेग कमी, म्हणजे वळण. बाबांची बोटं हवेत काहीतरी आवळत होती. मग गिअरचा दांडा टाकल्याचा खट आवाज आला, आणि इंजिन वरच्या गिअरमध्ये दूर जाऊ लागलं.

"नीट परत येईल ना गं?" आईने मला विचारलं.